आमचे ह्राबोव्स्की सर

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं निमंत्रण आलं आणि कोणाबद्दल लिहायचं हे तेव्हाच ठरलं. आमच्या यूएमबीसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँड, बाल्टिमोर काउंटीच्या ६० वर्षांतली ३० वर्षं, १९९२ ते २०२२, डॉ. फ्रीमन ह्राबोव्स्की अध्यक्षपदी होते. बाकी सगळं माझ्यासाठी त्यानंतर.

सरांची अलाबामातल्या बर्मिंगहॅमची हकिगत आपल्याला पाठ आहे: मे १९६३, वय १२, वर्णभेदाविरुद्धचा मुलांचा मोर्चा आणि पाच दिवसांचा तुरुंगवास. १९व्या वर्षी हॅम्प्टन विद्यापीठाची गणिताची पदवी, २४व्या वर्षी इलिनॉय विद्यापीठाची पीएचडी. मला मात्र सरांचं मोठेपण 'सी' ग्रेडच्या नियमात दिसतं.

सर १९८७ मध्ये इथे आले तेव्हा विज्ञानाच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं फार गळत होती. रॉबर्ट आणि जेन मायरहॉफ यांनी ५ लाख डॉलर दिले, १९८८ मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती योजना उभी राहिली आणि पुढच्या वर्षी १९ कृष्णवर्णीय मुलग्यांची पहिली तुकडी आली. १९९० पासून मुली आल्या, १९९६ पासून योजना सर्व वंशांच्या मुलांना खुली झाली. शिष्यवृत्ती हा तिचा एक भाग. पहिल्या सत्राआधी सहा आठवडे उन्हाळी वर्ग, त्यात गणित-विज्ञान आणि गटाने अभ्यास करण्याची सवय. एकट्याने खोलीत बसून घोकणारी हुशार मुलंच आधी अडखळतात, हे सरांनी नेमकं हेरलं होतं. पायाभूत विषयात 'सी' मिळाला तर तो विषय पुन्हा घ्यायचा. कागदावर 'सी' म्हणजे पास. पण पहिलं रसायनशास्त्र कच्चं राहिलं की पुढच्या ऑरगॅनिक (सेंद्रिय) रसायनशास्त्रात घसरण ठरलेली, आणि मग मूल विज्ञानच सोडतं. एक सत्र जास्त गेलं तरी चालेल, पाया पक्का हवा.

पहिल्या दिवशी डावी-उजवीकडचा विद्यार्थी दाखवून 'तुमच्यातला एक जण टिकणार नाही' असं बजावण्याची अमेरिकेत जुनी रीत. सर सांगत, तिघंही पदवी घेऊनच बाहेर पडतील, ती जबाबदारी आमची. २००५ मध्ये रसायनशास्त्राचं डिस्कव्हरी सेंटर सुरू झालं, तेही याच विचारातून: छोट्या गटांत बसायचं आणि गणितं आपसात सोडवायची.

किझमेकिया कॉर्बेट २००८ च्या मायरहॉफ पदवीधर. कोविडच्या मॉडर्ना लसीमागच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा. केवढा अभिमान वाटतो!

मुलांना नावाने हाक मारणारे सर आता कॅम्पसवर रोज दिसत नाहीत, ही रुखरुख आहेच. त्याहून मोठी खंत ही, की अनेकांना मायरहॉफ म्हणजे फक्त पैसा वाटतो. पेन स्टेट आणि चॅपल हिल या विद्यापीठांनी २०१३ मध्ये उन्हाळी वर्गांसकट पूर्ण पद्धत उचलली, तेव्हा तिथेही मुलं विज्ञानात टिकली.