तीन बोटं

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझा दातांचा दवाखाना आहे. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास एक मुलगी आली. पंचविशीची, बँकेत नोकरीला. सकाळी उठलं की जबडा आखडलेला असतो, कानापुढे कटकट वाजतं, अशी तक्रार. आईने आधी जंताची गोळी देऊन पाहिली होती. झोपेत दात खाणाऱ्याला जंत असतात, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे.

"आ कर" म्हटलं तर जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच तोंड उघडलं. एरवी आपलीच तीन बोटं उभी सहज जातात. दाढांचे उंचवटे घासून सपाट, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत पांढरी रेघ. एवढी झीज मला साठीच्या माणसांत दिसते.

नाइट गार्डसाठी, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या कवचासाठी, माप घ्यायला घेतलं. आल्जिनेट, म्हणजे मापाचा लगदा, घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटं हलायचं नसतं. ट्रे तोंडात गेला आणि तिचा फोन थरथरायला लागला. थांबला, पुन्हा सुरू. चौथ्या वेळी तिने तसाच व्हिडिओ कॉल उचलला. मोबाइल आधी स्वतःच्या तोंडासमोर धरला, मग माझ्याकडे वळवला, मग भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे. तिकडून आवाज आला, "डॉक्टर लेडीजच आहे ना?" हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ही मान हलवून हो म्हणत होती. माप अर्थातच बिघडलं.

दुसऱ्या मापाआधी मी फोन बाहेर ठेवायला सांगितला.

"नको मॅडम, नाही उचलला तर रात्रभर तेच चालतं."

"मारतो का गं?"

"छे! हात कधी लावला नाही. काळजी वाटते त्याला, बस."

रात्री झोपेपर्यंत कॉल चालू ठेवायचा, हा त्याचा नियम. चार वर्षं.

मी दाताची डॉक्टर. आरसा तिच्या हातात दिला आणि दाढा दाखवल्या. म्हटलं, दात खाण्याला कारणं बरीच असतात, ताण त्यातलं एक. गार्ड दात वाचवेल, ताण नाही काढणार. फाइलच्या मागे 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. तिने तो बघून फाइल उलटी ठेवली. आगाऊपणा झाला की काय, असं मला संध्याकाळभर वाटत राहिलं. गार्ड घेऊन गेली ती परत तपासणीला आलीच नाही.

दिवाळीनंतर आली. ओळखायला मला क्षणभर लागला. ऊस खाताना पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता.

"ऊस? आणि तू?"

"मैत्रिणीच्या शेतावर, मॅडम. दातांनीच सोलला."

तोंड न सांगता उघडलं. तीन बोटं.

मे महिन्यात त्याला सोडलं म्हणाली. पहिला महिना आधीपेक्षा वाईट गेला. तो वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करायचा, बँकेच्या दाराशी उभा राहायचा. भाऊ रोज सोडायला-आणायला यायचा. जबडा तर असा दुखायचा की भाकरी दुधात कुस्करून खायची. मग एका रविवारी दुपारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपली, ती थेट दिवेलागणीला उठली. आईला वाटलं, ताप आला. आता सकाळी अजिंक्यतारा चढते, डबा सगळ्यांबरोबर खाते. पगाराचे पैसे महिनाअखेरीलाही शिल्लक राहतात, हे सांगताना तिचं तिलाच हसू आलं. त्याचे रिचार्ज आणि हप्ते हीच भरत होती, हे मला तेव्हा कळलं.

गार्ड डबीत घालून आणला होता. ऑगस्टपासून तो घातलेलाच नाही. जबड्याचे स्नायू दाबून पाहिले, कुठे दुखलं नाही. दाढा मात्र सपाटच. इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, एकदा गेलं की परत येत नाही, ते मी तिला सांगितलं.

"बाकीचं आलं ना," ती म्हणाली.

कोपरा भरून दिला, पॉलिश केलं. पुढच्या दातांनी ऊस सोलायचा नाही म्हणून दम भरला.

"गंडेऱ्या करून खाल्ला तर चालेल?"