कान मागे पाडलेला घोडा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज 'द डेव्हिल हॉर्स' पाहिला. १९२६ चा मूकपट, निर्माता हॅल रोच, दिग्दर्शक फ्रेड जॅकमन. मागे कुणीतरी पियानो जोडला होता, तो मी दहा मिनिटांत बंद केला. टापा मनातल्या मनात ऐकू येत होत्या, तेवढ्या पुरल्या.

गोष्ट साधीच आहे. लहानग्या डेव्हचं एक लाडकं शिंगरू असतं. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गाड्यांच्या तांड्यावर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा हल्ला होतो आणि दोघांची ताटातूट होते. शिंगरू रानात वाढून काळाकुळकुळीत, कुणाला जवळ न येऊ देणारा घोडा होतं. पुढे मोठा झालेला डेव्ह त्याच्यासमोर येतो आणि घोडा त्याला ओळखतो. तिथे मला रडू आलं.

घोड्याचं काम करणारा रेक्स मॉर्गन जातीचा, खच्ची न केलेला. डेव्ह झालेला याकिमा कनट रोडिओ, म्हणजे बेफाम घोड्यांवर बसण्याच्या अमेरिकी स्पर्धा, गाजवलेला पट्टीचा घोडेस्वार. १९५९ च्या 'बेन हर'मधली रथांची शर्यत त्यानेच बसवली. पण आज माझी नजर त्याच्यावर ठरेना.

आजोबांचा टांगा होता. ते म्हणायचे, "घोड्याच्या तोंडाकडं नको, कानांकडं बघ." रेक्स अंगावर धावून येतो तेव्हा त्याचे कान मानेला पार चिकटलेले असतात, मान लांब ताणलेली, तोंड उघडं. हे शिकवून आणलेलं आहे हे कळत असूनही माझी पावलं आपोआप मागे सरकली. याच चित्रीकरणात रेक्स खरोखरच अंगावर धावून आला होता, असं कनटने पुढे सांगितलंय. त्यामुळे पडद्यावरच्या रागातला शिकवलेला किती आणि त्याचा स्वतःचा किती, याचाच विचार करत बसले.

एक गोष्ट मात्र डाचली. हल्ला करणारे मूलनिवासी म्हणजे नुसती झुंड. ना कुणाला नाव, ना घर. आणि घोडा त्यांचा जन्मभर द्वेष करतो, हे चित्रपटाला अगदी रास्त वाटतं. ज्यांची जमीन गेली त्यांनाच खलनायक करायचं, आणि त्यासाठी एका मुक्या जनावराचा राग वापरायचा! हे मला पटलं नाही, कधी पटणारही नाही.

निजण्याआधी धावून येण्याचा तो प्रसंग पुन्हा लावला. या वेळी कनटच्या बाजूचा पडदा हाताने झाकला आणि नुसते कान पाहिले.