चीनवरून मशीन मागवताय? आधी हिशोब मांडा

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतले छोटे वर्कशॉपवाले भेटले की एकच प्रश्न, बाहेरून मशीन मागवायचंय पण सुरुवात कुठून करू? अहो, आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड नंबर, काढणं अजिबात अवघड नाही, डीजीएफटी या सरकारच्या विदेश व्यापार खात्याच्या साईटवर ५०० रुपये भरून घरबसल्या निघतं, फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करा नाहीतर बंद पडतं.

खरी गोची भावात होते. सप्लायर एफओबी रेट सांगतो, तो त्यांच्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचाच! पुढचं भाडं, विमा, कस्टम ड्युटी, आयातीवरचा जीएसटी (आयजीएसटी), न्हावाशेवा बंदराहून नाशिकपर्यंतचा ट्रक, सगळं आपल्या खिशातून. परवा एका दादांचं बेदाणा पॅकिंग मशीनचं कोटेशन घेऊन बसलो, एकेक आकडा कागदावर मांडला तेव्हा कुठे खरी किंमत दिसली. मशीन घ्यायचं ठरलंच, पण आधी आपलेच बेदाणे तिकडे पाठवून ट्रायलचा व्हिडिओ मागवलाय, कारण बेदाणा चिकट, शेंगदाण्यावर मस्त चालणारं मशीन त्यावर चालेलच असं नाही.

एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, ऑर्डरच्या आधीच कस्टम ब्रोकरकडून तपासून घ्या, ड्युटी त्यावरच ठरते. आणि पूर्ण पैसे आगाऊ कृपा करून पाठवू नका, थोडे आधी, बाकीचे माल तपासल्यावर.