मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवण्याआधी

प्राथमिक शाळेत त्याच वर्गात पुन्हा बसणाऱ्यांमध्ये जगातल्या बहुतेक देशांत मुलींपेक्षा मुलगे जास्त दिसतात. याचा बुद्धीशी फारसा संबंध नाही. लहान वयात भाषा, अक्षर वळवणं, एका जागी बसणं हे बऱ्याच मुलग्यांना थोडं उशिरा जमतं, आणि पहिल्या दोन वर्षांत शाळा नेमकं तेच मागते. त्यातून तो वर्गात वयानं सर्वांत लहान असेल, तर ११ महिन्यांनी मोठ्या मुलाशी त्याची तुलना होते.

निर्णयाआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारं मूल बऱ्याचदा 'लक्ष देत नाही' म्हणून ओळखलं जातं! मग हजेरीपट पाहा. त्यानंतर मुलाकडून अनोळखी उतारा एक मिनिट मोठ्यानं वाचून घ्या. किती शब्द वाचले ते मोजा, कुठे अडला ते लिहून ठेवा. जोडाक्षरांवर अडणं वेगळं, आणि सगळं नीट वाचूनही अर्थ न लागणं वेगळं. गणितात बहुधा गाडी हातच्यावर अडते, पण मूळ दुखणं एकक-दशकाचं असतं.

नेमकी अडचण कळली की रोज २०-२५ मिनिटं तेवढ्यावरच काम करा, दर पंधरा दिवसांनी तीच चाचणी नव्या उताऱ्यावर घ्या. वर्ग बदलला काय, न बदलला काय, हे करावंच लागतं. तीच पुस्तकं त्याच पद्धतीनं पुन्हा शिकवली तर पहिले काही महिने गुण वाढतात (धडे पाठ असतात ना), पुढे ती वाढ बहुतेकदा ओसरते. मित्र मात्र पुढे गेलेले असतात.