सातबाऱ्यावर न मावणारा सडा

गेल्या मे महिन्यात वारसनोंदीच्या कामासाठी गावी गेलो असताना आमच्या राजापूर तालुक्यातल्या जमिनीचे सातबारे पुष्कळ वर्षांनी एकत्र समोर ठेवून वाचले. त्यांतल्या एका उताऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्र ०.३१ हेक्टर आणि त्याच्या खालच्या ओळीत पोटखराब १.९४ हेक्टर अशी नोंद आहे. आजोबांच्या काळापासून हे आकडे तसेच आहेत, आणि लहानपणापासून मी ते ‘आपली थोडी चांगली जमीन आणि बरीचशी वाया गेलेली जमीन’ असेच वाचत आलो. ही वाया गेलेली जमीन म्हणजे वाडीच्या वरचा सडा. या खेपेस मात्र पोटखराब हा शब्द डोळ्यांत खुपला, कारण त्याच आठवड्यात वाडीतल्या दोन घरांकडे सड्यावरची जमीन मागणारी माणसे येऊन गेली होती आणि दोन्हीकडे त्यांचा युक्तिवाद एकच होता: ‘नाहीतरी पोटखराबच आहे.’

ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सडा म्हणजे कोकणातल्या टेकड्यांच्या माथ्यावरचा जांभ्या कातळाचा पसरट भाग. उन्हाळ्यात तो खरोखरच ओसाड दिसतो. काळपट तांबडा, भाजलेला, चपलेच्या तळव्यातून चटका देणारा दगड आणि कडेकडेने उरलेले पिवळे गवत. जूनच्या पहिल्या सरींनंतर दहा-बारा दिवसांत कातळाच्या भेगांतून दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांचे तुरे वर येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर वाढणारी ही वनस्पती कोकणाबाहेर फारशी कोठे सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात कातळावरच्या बोटभर पाण्यात सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, दवबिंदूच्या पानांवर चिकटलेली चिलटे दिसतात. दगडावर अन्नद्रव्ये जवळजवळ नाहीत, म्हणून यांतल्या काही वनस्पतींनी किडे पकडून खाण्याची सोय करून घेतली आहे. ज्या खोलगट जागी वीतभर माती साठते तेथे आमच्याकडे अजून भात लावतात. दसऱ्यानंतर गवत कापले जाते, ते गुरांना जाते आणि उरलेले आंब्याच्या पेट्यांत घालायला उपयोगी पडते.

पण सड्याचे सर्वांत मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो. भेगांतून आणि नळ्यांतून मुरलेले पाणी खाली शेडीच्या थरापर्यंत पोचते, ती चिकणमाती त्याला आणखी खाली जाऊ देत नाही, आणि मग ते पाणी टेकडीच्या कुशीत आडवे सरकत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आमची वाडी, तिच्या विहिरी, पोफळीच्या बागा आणि खालचा पऱ्या, म्हणजे ओढा, हे सगळे त्या झऱ्यांच्या ओळीवर वसलेले आहे. वाडीची जागा पूर्वजांनी देखावा पाहून निवडलेली नव्हती.

आता पोटखराब या शब्दाकडे येतो. पोटहिस्सा, पोटकलम यांतला ‘पोट’ तो हाच. एखाद्या गटाच्या पोटातली, मोजणीच्या वेळी शेतीला निरुपयोगी ठरलेली जमीन म्हणजे पोटखराब. महसुलाच्या नियमांत तिचे दोन वर्ग आहेत. खडकाळपणा, नाला, खळे अशा कारणांनी लागवडीला न येणारी ती वर्ग अ आणि रस्ता, पाणवठा, स्मशान यांसारख्या सार्वजनिक कामासाठी ठेवलेली ती वर्ग ब. म्हणजे मुळात हा शब्द शेतसाऱ्याचा आहे. या तुकड्यावर आकार बसवायचा की नाही, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते, आणि सारा माफ झाला म्हणून शेतकऱ्याला त्याचा आनंदच झाला असणार. पुढे मात्र हा सवलतीचा शब्द मूल्यमापनाचा शब्द होऊन बसला. नियोजनाचा नकाशा तयार करणारा माणूस महसुली नोंदी समोर ठेवतो, तेथे पोटखराब दिसते, आणि नकाशावर ती जागा ‘पडीक’ म्हणून रंगवली जाते. झाडे नाहीत म्हणून ते वन नाही, पीक नाही म्हणून ते शेत नाही, घर नाही म्हणून ते गावठाण नाही. जे कशातच नाही ते कशासाठीही उपलब्ध आहे, असा हिशेब कोणी न सांगताच लागू होतो.

कायद्यात संरक्षणाची सोय नाही असे मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. प्रादेशिक योजनेत, म्हणजे एखाद्या प्रदेशातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्यात, काय काय असावे हे त्याच्या कलम १४ मध्ये दिले आहे आणि त्यात निसर्गसौंदर्याची ठिकाणे, वने, वन्यजीव व नैसर्गिक साधनसंपत्ती यांचे जतन तसेच ऐतिहासिक, नैसर्गिक, पुरातत्त्वीय किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या स्थळांचे जतन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. साठ वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांना ही दृष्टी होती, याचे मला आजही कौतुक वाटते. अडचण पुढच्या पायरीवर येते. कलमातला हेतू जमिनीवर उतरतो तो जमीनवापराच्या विभागांच्या (झोनच्या) आणि बांधकाम नियंत्रण नियमावलीच्या रूपाने, आणि तेथे डोंगर म्हटला की उताराचा विचार होतो. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई हा नियम चांगला आहे, सह्याद्रीच्या घाटमाथ्याला आणि शहरांभोवतीच्या टेकड्यांना तो आवश्यकच आहे. आमचा सडा मात्र सपाट आहे. टेकडीचा उतार, जेथे तसेही कोणी बांधायला जात नाही, तो या नियमाने वाचतो आणि ज्या माथ्यावरून त्या उतारातल्या झऱ्यांना पाणी मिळते तो माथा सपाट असल्यामुळे बांधकामयोग्य ठरतो.

सड्यावर पहिला घाव बाहेरच्या माणसाने घातला असे सांगणे सोयीचे आहे, परंतु ते खरे नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि कोकणाच्या डोंगरांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. त्या योजनेने अनेक घरांत पहिल्यांदा रोख पैसा आला, हे मी नाकारणार नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून माती आणून भरायची आणि त्यात हापूसचे कलम लावायचे, ही पद्धत त्यानंतर सगळीकडे रुळली. आमच्या घरानेही वीस गुंठे सडा असाच फोडला. सुरुंगाच्या आवाजाने आम्हा मुलांना मोठी गंमत वाटली होती. मग जांभ्याचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणी वाढल्या, सुरुंगांची जागा जेसीबीने घेतली, आणि आता तुकडे पाडून विकण्याचे दिवस आले आहेत. दरम्यान २०१८ मध्ये वर्ग अ ची पोटखराब जमीन लागवडीखाली आणली असल्यास तिला आकारणी करून लागवडयोग्य क्षेत्रात घेण्याची तरतूदही झाली. कर्ज आणि नुकसानभरपाई यांच्या दृष्टीने शेतकऱ्याचा त्यात फायदाच आहे, पण सडा ‘सुधारावा’ लागतो हे गृहीतक त्यातही कायमच राहिले.

अलीकडे सड्याला मान मिळाला तो कातळशिल्पांमुळे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणे गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमळ ही ठिकाणे आहेत. उक्षीला कातळात कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा कठडा उभारला आहे. कठडा पाहून बरे वाटते, पण त्याच्यापाशी उभे राहिल्यावर मनात येते की ज्याने हा हत्ती कोरला त्याने तो कुंपणातल्या तुकड्यावर कोरलेला नव्हता. मोकळ्या, क्षितिजापर्यंत पसरलेल्या कातळावर कोरला होता. आपली संरक्षणाची रीत अशी ठिपक्याठिपक्यांची आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या एका माशासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाले, ते २.११ हेक्टरचे. तेवढे झाले हेच मोठे, पण झऱ्याचे पाणी त्या २.११ हेक्टरांत पडणाऱ्या पावसापुरते नसते. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. कोकणातले खालचे सडे, जे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाहीत आणि ज्यांच्यावर माणसांचा राबता आहे, ते अशा प्रत्येक यादीच्या बाहेर राहतात.

शेजारच्या गोव्याचा अनुभव यासंदर्भात पाहण्यासारखा आहे. तेथे २०११ सालापर्यंतच्या नियोजनासाठी केलेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध जनआंदोलन झाले, २००७ मध्ये तो आराखडा मागे घ्यावा लागला, आणि मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ पर्यंतचा आराखडा तयार करताना गावोगावचे नकाशे पंचायतींकडे सूचनांसाठी पाठवले. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जागांचे दोन स्वतंत्र विभाग त्यात आखले गेले. खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या) जमिनी, डोंगर, बागायती यांना नकाशावर स्वतःचा रंग मिळाला. हे काम मला मनापासून आवडते. परंतु पुढे २०२३ मध्ये तिथल्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून आलेल्या या कलमाखाली एकेका भूखंडाचे विभाग बदलू लागले, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द केले. आपल्याकडेही प्रादेशिक योजनेत बदल करण्यासाठी कलम २० आहेच. आराखडा चांगला होणे ही अर्धीच लढाई असते. उरलेली अर्धी त्यानंतर वर्षानुवर्षे, एकेका गट क्रमांकावर, कोणाचे लक्ष नसताना चालते.

गट क्रमांकावरून माझीच एक फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या भागाला लागू होणाऱ्या एका आराखड्याच्या मसुद्यावर मी हरकत नोंदवली होती. चांगली चार पाने, सड्याचे सौंदर्य, बालपणीच्या आठवणी, पुढच्या पिढ्या, सगळे त्यात होते. सुनावणीच्या दिवशी तीन तास थांबल्यावर माझा पुकारा झाला. समोरच्या अधिकाऱ्यांनी पाने उलटली आणि शांतपणे विचारले, “गट क्रमांक कोणते? आणि त्या जागी काय दाखवावे असे आपले म्हणणे आहे?” माझ्याकडे दोन्हींची उत्तरे नव्हती. दीड मिनिटात सुनावणी संपली. तेव्हा मला राग आला होता, आज वाटते की प्रश्न बरोबरच होता. नियोजनाला विशेषणे समजत नाहीत. त्याला हद्द लागते, कारण लागते आणि नियमाचा मसुदा लागतो.

म्हणून आता माझे म्हणणे मी असे मांडतो. प्रादेशिक योजनेत ‘कातळ-सडा’ हा स्वतंत्र विभाग असावा आणि त्याची हद्द सातबाऱ्यावरच्या पोटखराब नोंदीवरून न ठरवता प्रत्यक्ष पाहणीवरून, म्हणजे उघडा कातळ, त्यावरचे पाणथळ आणि त्यातून पाणी मिळणारे झरे यांच्यावरून ठरावी. या विभागात चराई, गवतकापणी, कातळावरचे भात आणि आज उभ्या असलेल्या बागा निर्वेध चालू राहाव्यात, कारण गुरे आणि विळा थांबले तर सडाही बदलतो. नवे सुरुंग, नवी चिरेखाण, भराव आणि जमिनीचे तुकडे पाडणे याविषयी मात्र स्पष्ट नियम असावेत. प्रत्येक गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्यानुसार असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवहीही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवणारी वही. बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात असते. नियोजनाच्या कामात ती पुरावा म्हणून मांडता येईल, इतकी ती नीट भरली पाहिजे.

याला गावातूनच विरोध होतो, आणि तो विरोध मला खोटा वाटत नाही. माझ्या थोरल्या चुलतभावाने मला तोंडावर सांगितले, “तू पुण्यात राहतोस, तुला सडा फुलांसाठी हवा. मला मुलीच्या शिक्षणासाठी हवा.” त्याला द्यायला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. शहरात आरक्षणाखाली गेलेल्या जमिनीच्या मालकाला निदान हस्तांतरणीय विकास हक्काची (टीडीआर), म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काची, काही वाट असते. खेड्यातला माणूस आपल्या जमिनीवर पाणी मुरू देतो म्हणून त्याला कोणी छदामही देत नाही. संरक्षणाचा सगळा भार मालकावर आणि त्याचा लाभ खालच्या तीन गावांना, अशी मांडणी असेल तर ती फार काळ टिकणार नाही, हे दादाचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने कोकण किनाऱ्याच्या चार जिल्ह्यांतल्या १,६३५ गावांसाठी सिडको या आपल्या नगरनियोजन महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, तेव्हापासून ‘नियोजन’ हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. प्रादेशिक योजनेच्या मसुद्यावर हरकती व सूचनांसाठी कायद्याने किमान चार महिने दिलेले आहेत. चार महिन्यांत सड्यांची पाहणी होत नाही. ती आधीच करून ठेवावी लागते. म्हणून जमिनीबाबत आपले मत राखून ठेवून दादा आणि मी मे महिन्यातले चार दिवस वाडीभोवती हिंडलो आणि एक साधा तक्ता केला: झऱ्याचे स्थानिक नाव, तो कोणत्या गटात आहे, त्याच्या वरचा सडा कोणत्या गटांत येतो, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, त्यावर किती घरे अवलंबून आहेत. एकूण सहा झरे भरले. संध्याकाळी ओटीवर बसून तो तक्ता काकीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. सहावा झाल्यावर तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, “आणि सतीच्या दगडाखालचा? माझ्या लग्नाच्या वर्षी सगळ्या विहिरी आटल्या होत्या, तेव्हा दोन महिने अख्खी वाडी त्याच्यावर प्यायली.” दादाला तो झरा माहीत नव्हता, मलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी काठी घेऊन पुढे चालली आणि आम्ही दोघे तक्ता घेऊन तिच्या मागे.