चंद्रनाथाच्या पायऱ्या आणि अंग रिता

आज पहाटे पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चढलो, म्हणजे शेवटच्या पायऱ्या अक्षरशः गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आपली गोव्याची डिसेंबरची थंडी ती केवढी, स्वेटर दहा मिनिटांतच कमरेला. वर धापा टाकत बसलो आणि डोक्यात एकदम नेपाळचा गिर्यारोहक अंग रिता शेर्पा. 22 डिसेंबर 1987, ऐन हिवाळ्यात एव्हरेस्ट, तेही ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय!! तिथं आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश ऑक्सिजन, त्यात हिवाळ्यात हवेचा दाब आणखी उतरतो, म्हणजे फुप्फुसांना तेच शिखर अजून उंच. काय छाती असेल या माणसाची! बायकोला हे सगळं सांगायला लागलो तर म्हणते, आधी नीट श्वास घे. खाली येऊन दोन प्लेट पातळभाजी-पाव हाणला, पाय अजून लटपटतायत.