आईची गोळी आणि सोमवारचा उपवास
आज आईला घेऊन सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तिला 11 वर्षं झाली शुगर आहे, आधीच्या दवाखान्यात दर वेळी तेच, रिपोर्ट बघायचे, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) वाढलंय म्हणायचे, गोळीचा पॉवर वाढवायचे आणि आम्ही बाहेर. दोन मिनिटं पण नाही.

आजच्या मॅडमनी आधी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणल्या, "मावशी, पिशवीतल्या गोळ्या काढा आणि कुठली कधी घेता ते मला दाखवा." आईनं कात्रीनं कापलेल्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि हळूच म्हणली, सोमवारी सिद्धेश्वराचा उपवास असतो, गोळी घेतली की हातपाय कापतात, घाम फुटतो, म्हणून आता बाकीच्या दिवशी पण अर्धीच घेते.

मी तिच्या शेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकत होतो!!

म्हणजे गोळी अर्धी, म्हणून तीन महिन्यांची सरासरी जास्त, म्हणून पॉवर वाढवलेला, आणि उपवासाला शुगर 70 च्या खाली, म्हणजे फारच कमी, जात असणार. मॅडम अजिबात रागावल्या नाहीत. गोळी बदलली, कापरं भरलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं हे सांगितलं, आणि मग तेच सगळं आईच्या तोंडून परत वदवून घेतलं.

रिक्षात विचारलं, आधी का नाही सांगितलंस गं?

"कुणी विचारलंच नाही की रे."